लोणारचे गुलाबी पाणी आणि पेशीची वंशावळ

२०२० सालच्या जून महिन्यात, टाळेबंदीमुळे बाजारपेठा अर्ध्या मिटलेल्या असताना, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. एरवी हिरवट दिसणाऱ्या या पाण्याचा रंग थोड्याच दिवसांत पालटला. अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांतही हा पालट नोंदला गेला. २५ मेच्या चित्रात सरोवर हिरवे आहे आणि १० जूनच्या चित्रात तेच सरोवर गुलाबी आहे. लवणासुराची कथा ज्या गावात घरोघरी सांगितली जाते, तेथे तर्कांना तोटा असण्याचे कारण नव्हते. कोणी कोपाची शंका घेतली, कोणी चमत्कार मानला, कोणी पाण्यात रसायन मिसळल्याचा संशय धरला.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. सरोवराच्या संवर्धनाविषयीची जनहित याचिका तेथे आधीपासून चालू होती. वन विभागाने पाण्याचे नमुने भरले. ते नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे, म्हणजे नीरीकडे, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे तपासणीसाठी गेले. पुण्याच्या संस्थेने दिलेला निर्वाळा असा की, हा रंग मिठात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ नावाच्या सूक्ष्मजीवांचा आहे. उन्हाळ्यात पाणी आटले, खार वाढला आणि हे जीव अफाट संख्येने वाढले. नमुन्याचे पाणी न हलवता ठेवले, तेव्हा गुलाबी साका तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात राहणाऱ्यांचा होता.

हा निर्वाळा वर्तमानपत्रांत चार ओळींत छापला गेला. पण त्या चार ओळी लिहिता याव्यात म्हणून माणसाला सुमारे साडेतीनशे वर्षे खपावे लागले. डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, प्रत्येक सजीव पेशींचा बनलेला असतो आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, ही तीन विधाने आज शाळेच्या पुस्तकात असतात. ती सिद्ध होण्याचा इतिहास मात्र मोठा रंजक आहे. व्यापारी घरांतील वाचकांना तो अधिक जवळचा वाटावा असेही एक कारण आहे. या इतिहासातील दोन निर्णायक पावले विद्यापीठातील पंडितांनी नव्हे, तर दुकान चालविणाऱ्या माणसांनी टाकली.

बुचातील खोल्या

१६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूक यांचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हूक रॉयल सोसायटीसाठी प्रयोग करून दाखविण्याचे काम करीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी पिसू, माशीचा डोळा, सुईचे टोक अशा अनेक वस्तू पाहिल्या आणि त्यांची अप्रतिम चित्रे काढली. त्यात एक वस्तू होती बाटलीचे बूच. बुचाचा धारदार चाकूने काढलेला अतिशय पातळ काप भिंगाखाली धरताच त्यांना भिंतींनी विभागलेल्या असंख्य रिकाम्या खोल्या दिसल्या. मठातील साधूंच्या लहान कोठड्यांना किंवा मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांना इंग्रजीत ‘सेल’ म्हणतात. तोच शब्द हूक यांनी या खोल्यांना लावला. मराठीत आज त्यासाठी ‘पेशी’ हा शब्द रूढ आहे.

हूक नुसते पाहून थांबले नाहीत, त्यांनी हिशेब केला. एका इंचाच्या अठराव्या भागात साठ खोल्या मावतात. म्हणजे एका इंचात १,०८०, एका चौरस इंचात ११,६६,४०० आणि एका घन इंचात १२५ कोटी ९७ लाख १२ हजार. बोटाच्या पेराएवढ्या बुचात सव्वाशे कोटींची वस्ती! आकडा इतका मोठा होता की, डोळ्यांनी पाहिले नसते तर आपल्यालाच विश्वास बसला नसता, अशी त्यांची भावना होती.

तथापि हूक यांनी पाहिलेल्या बुचातील खोल्या मेलेल्या होत्या. त्यांत राहणारा केव्हाच निघून गेला होता, फक्त भिंती उरल्या होत्या. ओल्या वनस्पतींत अशाच खोल्या रसाने भरलेल्या असतात, हे त्यांनी पाहिले खरे. पण त्या खोल्या म्हणजेच जीवनाचे मूळ घटक आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. घर सापडले, घरातला माणूस अजून सापडायचा होता.

कापड दुकानदाराचे भिंग

तो सापडला हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या एका कापड व्यापाऱ्याला. आंतोन व्हान लेव्हेनहुक यांचा जन्म १६३२ सालचा. सोळाव्या वर्षी ते अॅमस्टरडॅमला कापडाच्या दुकानात उमेदवारी करण्यासाठी गेले आणि १६५४ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या गावी दुकान थाटले. कापडाचे सूत किती बारीक आहे, वीण किती दाट आहे, हे पाहण्यासाठी त्या काळी कापडवाले भिंग वापरीत. खामगावच्या बाजारात कापसाचा धागा बोटांनी ओढून त्याची लांबी आणि ताकद जोखणाऱ्या पिढ्यांना या सवयीचे मोल सांगावे लागणार नाही. मालाची पारख हे व्यापाऱ्याचे पहिले शिक्षण. लेव्हेनहुक यांनी ती पारख कापडापुरती ठेवली नाही. ते स्वतःच मण्याएवढी भिंगे तयार करू लागले. त्यांच्या उपलब्ध भिंगांपैकी सर्वांत प्रभावी भिंगातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते. लॅटिन ही त्या काळच्या विद्वानांची भाषा त्यांना येत नव्हती. आपली निरीक्षणे त्यांनी साध्या डच बोलीत, पत्रांच्या रूपाने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविली. पहिले पत्र १६७३ चे आणि ही पत्रे त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७२३ पर्यंत, चालूच राहिली.

१६७४ च्या सप्टेंबरमधील त्यांचे एक पत्र लोणारच्या संदर्भात विशेष महत्त्वाचे वाटते. डेल्फ्टपासून काही अंतरावर बेर्केल नावाच्या गावाजवळ एक तळे होते. हिवाळ्यात त्याचे पाणी स्वच्छ असे आणि उन्हाळ्यात त्यावर हिरवट ढगांसारखे काही तरंगू लागे. आसपासचे लोक म्हणत, हा दवाचा परिणाम. लेव्हेनहुक यांनी लोकांचे म्हणणे नोंदवून घेतले, तळ्याचे पाणी काचेच्या कुपीत भरून आणले आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरले. त्यात हिरव्या रंगाचे, मळसूत्राप्रमाणे वळलेले बारीक धागे होते आणि त्यांच्या मधून निरनिराळ्या आकारांचे चिमुकले जीव झपाट्याने फिरत होते. तळ्याचा रंग का बदलतो, याचे उत्तर शोधताना माणसाला सूक्ष्मजीवांचे जग प्रथमच दिसले. त्यानंतर ३४६ वर्षांनी लोणारच्या काठावर वन विभागाच्या माणसांनी बाटल्या भरल्या, ती रीत या कापड दुकानदाराने घालून दिलेली आहे.

दोन वर्षांनी त्यांच्या हातून आणखी मोठा शोध लागला आणि त्याला निमित्त झाली काळी मिरी. मलबारकडून युरोपात जाणारी मिरी ही त्या काळची मोलाची वस्तू. ती जिभेला का झोंबते, हे पाहावे म्हणून त्यांनी मिरे पाण्यात भिजत घातले. मिऱ्याला काटे असतील अशी कल्पना होती. काही आठवड्यांनी, १६७६ च्या एप्रिलमध्ये, त्या पाण्याचा थेंब त्यांनी पाहिला. काटे दिसले नाहीत. दिसले ते पूर्वी पाहिलेल्या जीवांहूनही कितीतरी लहान जीव. आज ज्यांना जिवाणू म्हणतात ते हेच, असे अभ्यासक मानतात. आकार सांगायचा कसा? लेव्हेनहुक यांनी वाळूच्या कणाचे माप धरले आणि एका कणाच्या जागेत असे किती जीव मावतील याचा गुणाकार मांडला.

लंडनच्या विद्वानांना हे पत्र पटेना. एका दुकानदाराने थेंबभर पाण्यात हजारो प्राणी पाहिले म्हणावे आणि आपण ते मान्य करावे? पहिल्या प्रयत्नात तेथे कोणाला काही दिसलेही नाही. तेव्हा लेव्हेनहुक यांनी गावातील आठ प्रतिष्ठित गृहस्थांना आपले भिंग दाखविले आणि त्यांच्या सहीच्या साक्षी पाठविल्या. अखेर १६७७ च्या नोव्हेंबरमध्ये रॉबर्ट हूक यांनी स्वतः मिरीचे पाणी तयार करून सोसायटीच्या सभासदांसमोर ते जीव दाखविले आणि शंका मिटली. १६८० मध्ये लेव्हेनहुक सोसायटीचे सभासद झाले. व्यापारात शब्दाला किंमत असते. पण मोठ्या व्यवहाराला साक्ष आणि पडताळा लागतो. विज्ञानाचा व्यवहारही त्याच नियमाने चालतो.

दीडशे वर्षांचा खंड

एवढे झाल्यावर पेशीचा सिद्धान्त लवकर मांडला जायला हवा होता. तसे झाले नाही, दीडशेहून अधिक वर्षे मध्ये गेली. अडचण होती ती काचेची. दोन-तीन भिंगांचे सूक्ष्मदर्शक वस्तू मोठी दाखवीत. पण प्रकाशातील रंग वेगवेगळे फुटत आणि प्रतिमेभोवती इंद्रधनुष्यी कडा उमटत. प्रत्यक्षात काय आहे आणि भिंगाने काय भासविले आहे, हे वेगळे करणे अवघड होई.

ही अडचण दूर करणारे जोसेफ जॅक्सन लिस्टर हे लंडनमधील मद्याचे व्यापारी होते. दुकान सांभाळून उरलेल्या वेळात ते भिंगांचा अभ्यास करीत. दोन प्रकारच्या काचा जोडून केलेली भिंगे परस्परांपासून किती अंतरावर ठेवली म्हणजे दोष एकमेकांना छेदून नाहीसे होतात, याचे गणित त्यांनी १८३० मध्ये प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेत जंतुनाशकाचा वापर सुरू करणारे विख्यात शल्यविशारद जोसेफ लिस्टर हे यांचेच चिरंजीव. पित्याने जंतू स्पष्ट दिसावेत अशी सोय केली आणि पुत्राने त्या जंतूंपासून रुग्णांना वाचविले.

स्वच्छ दिसू लागताच शोधांचा वेग वाढला. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांना ऑर्किडच्या पेशींचा अभ्यास करताना प्रत्येक पेशीत एक गोल ठिपका आढळला. त्यालाच आज केंद्रक म्हणतात. १८३८ मध्ये जर्मनीतील मॅथियास श्लायडेन यांनी सर्व वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात असे प्रतिपादन केले. श्लायडेन आधी वकिली करीत, ती सोडून ते वनस्पतिशास्त्राकडे वळले होते. त्यांचे मित्र थिओडोर श्वान प्राण्यांच्या शरीरावर काम करीत होते. एकदा भोजनाच्या वेळी श्लायडेन केंद्रकाविषयी बोलू लागले, तेव्हा आपणही प्राण्यांत असेच काही पाहिले आहे हे श्वान यांच्या लक्षात आले. १८३९ मध्ये श्वान यांचा ग्रंथ आला. गवताचे पाते असो वा हत्तीचा देह, बांधकामाची वीट एकच, ती म्हणजे पेशी, हे सूत्र त्यातून प्रस्थापित झाले.

पेशी येते कोठून?

सिद्धान्ताचा एक भाग मात्र चुकला होता. नवी पेशी कशी निर्माण होते? श्लायडेन आणि श्वान यांचे उत्तर असे की, खडीसाखरेच्या पाकात जसे खडे जमतात तशी पेशी एका द्रवातून आपोआप जमून येते. हे उत्तर त्या काळाला साजेसे होते. चिखलातून किडे, कुजक्या मांसातून अळ्या आणि दमट धान्यातून पोरकिडे आपोआप होतात, असा समज शतकानुशतके चालत आला होता.

रॉबर्ट रेमाक यांनी हा समज पेशीपुरता मोडून काढला. कोंबडीच्या अंड्यातील वाढणारा गर्भ आणि रक्तपेशी यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून त्यांनी १८५२ मध्ये सांगितले की, पेशी द्रवातून जमत नाही; आधीची पेशी दुभंगते आणि एकीच्या दोन होतात. रेमाक ज्यू होते. धर्मांतर केल्याशिवाय प्रशियाच्या विद्यापीठांत अध्यापकाचे स्थान मिळणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते आणि त्यांनी धर्मांतर केले नाही. विद्यापीठात दुय्यम प्राध्यापकाचे पद त्यांना मिळाले ते १८५९ मध्ये. तीन वर्षांनी, १८५५ मध्ये, रुडॉल्फ फिरखो यांनी तेच तत्त्व लॅटिनमधील एका छोट्या सूत्रात बांधले. प्रत्येक पेशी पेशीपासूनच, असा त्याचा आशय. १८५८ च्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथाने रोग म्हणजे पेशींच्या कामातील बिघाड हा विचार वैद्यकात रुजला. सूत्राचे श्रेय बहुतांशी फिरखो यांच्या नावावर जमा झाले. रेमाक यांच्या खात्यात ती जमा इतिहासकारांनी पुष्कळ उशिरा दाखविली.

१८६० च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी या तत्त्वावर आणखी एक शिक्का मारला. हंसाच्या मानेसारख्या वळणदार नळीच्या चंबूत त्यांनी पोषक द्रव उकळून ठेवला. हवा आत जाई. पण धूळ नळीच्या वळणात अडके. द्रव नासला नाही. नळी मोडताच तो नासला. जेथे सूक्ष्मजीव पोहोचत नाहीत तेथे ते आपोआप उत्पन्नही होत नाहीत, हे सिद्ध झाले.

या नियमाचा अर्थ फार खोल आहे. आज जिवंत असलेली प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासून आली, ती तिच्या आधीच्या पेशीपासून, आणि ही साखळी पृथ्वीवरील प्रारंभीच्या जीवांपर्यंत एकदाही तुटलेली नाही. एखाद्या पेढीची वंशावळ सात पिढ्यांची असली तर तिचा अभिमान वाटतो. पाण्याच्या थेंबातील क्षुल्लक जिवाणूची वंशावळ अब्जावधी वर्षांची असते.

लोणारच्या खाऱ्या पाण्यातील रहिवासी

हा सारा इतिहास बुलढाणा जिल्ह्यात येऊन मिळतो तो लोणारच्या पाण्यात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या काळ्या दगडात उल्केच्या आघाताने झाले आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख समजले गेले. १९७३ च्या सुमारास भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी आघाताच्या प्रचंड दाबाने बदललेली खनिजे दाखवून दिली आणि उल्केचा निर्णय पक्का झाला. विवराच्या वयाविषयी मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या अभ्यासाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते.

या बशीत पाणी येते, पण बाहेर जाण्यास वाट नाही. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी दगडातील क्षार घेऊन उतरते, उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे पाणी खारट तर आहेच, शिवाय सोड्यासारखे तीव्र अल्कधर्मीही आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. शुद्ध पाण्याचा सामू सात. सामूच्या मापात एक अंक वाढला की अल्कता दहा पटींनी वाढते, म्हणून सातावरून दहावर जाणे म्हणजे हजार पट. काठावर वाळणारा खार पूर्वीपासून गोळा केला जाई. साबण आणि काच करण्याच्या कामी येणाऱ्या येथील क्षारांचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’तही आहे.

अशा पाण्यात जगणे सोपे नाही. लोणचे का टिकते, हे घरातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. मीठ भरपूर असले की बुरशी आणि जिवाणू टिकत नाहीत, कारण मीठ त्यांच्या पेशीतील पाणी बाहेर ओढून घेते. मग लोणारमध्ये जीव राहतात कसे? ज्यांच्यामुळे सरोवर एरवी हिरवे दिसते, ते ‘स्पायरुलिना’ नावाचे नीलहरित जिवाणू अशा सोडायुक्त पाण्यातच सुखाने वाढतात. त्यांचे धागेही मळसूत्राप्रमाणे वळलेले असतात. २०२० मध्ये गाजलेल्या हॅलोआर्कियांची युक्ती निराळी आहे. बाहेर मीठ जास्त, तर तेही आपल्या पेशीत पोटॅशियमचे क्षार भरून घेतात. आत-बाहेर तोल सारखा राहतो आणि पाणी ओढले जात नाही. कडक उन्हापासून रक्षण करण्यासाठी ते गाजरातील रंगाच्या जातीचे लालसर रंगद्रव्य बनवितात. मिठागरांतील आटत आलेले पाणी गुलाबी दिसते, ते याच कुळातील जीवांमुळे. परंतु या युक्तीची एक किंमतही आहे. त्यांतील अनेक जातींची पेशी मिठाच्या आधारानेच उभी असते. पाणी गोडे झाले की ती फुटून जाते.

आर्किया हे नावही तसे अलीकडचे. १९७७ पर्यंत या सूक्ष्मजीवांची गणना जिवाणूंतच होत असे. त्या वर्षी अमेरिकेतील कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतील प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेच्या रासायनिक मजकुराची अक्षरशः ताळेबंदाप्रमाणे तुलना केली. तेव्हा मिथेन वायू तयार करणारे काही जीव जिवाणूंपासून इतके वेगळे निघाले की, त्यांच्यासाठी स्वतंत्र खाते उघडावे लागले. मिठात राहणारे हे जीवही लवकरच त्या खात्यात आले. सजीवसृष्टीच्या तीन मूळ शाखांपैकी एका शाखेचे प्रतिनिधी असे आपल्या जिल्ह्यातील सरोवरात राहतात.

लोणारच्या पाण्यातून विज्ञानाला सर्वस्वी नवे जीवही मिळाले आहेत. हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील, म्हणजे सीसीएमबीतील, संशोधकांनी येथील एका जिवाणूला २०१० मध्ये ‘इंडिबॅक्टर अल्कलिफिलस’ असे भारताचे नाव दिले. २०१२ मध्ये दुसऱ्या एका जिवाणूचे नामकरण ‘सेसेम्बिया लोणारेन्सिस’ असे झाले. त्यातील पहिला शब्द संस्थेच्या आद्याक्षरांवरून आणि दुसरा गावावरून आला आहे. विदर्भातील एका गावाचे नाव जगाच्या जीवनोंदवहीत कायमचे लागले.

गाळलेले पाणी

सूक्ष्म जीवांची जाणीव ठेवून वागणे जैन कुटुंबांना नवे नाही. पाणी गाळून पिणे आणि गाळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडणे, ही रीत अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. येथे एक विवेक मात्र राखला पाहिजे. शास्त्रातील सूक्ष्म जीवांची संकल्पना आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पेशी या दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या गोष्टी आहेत. एकीने दुसरीला प्रमाणपत्र देण्याची गरज नाही. कापडाच्या गाळण्यातून जिवाणू निसटतात, हेही खरे आहे, कारण बहुतेक जिवाणूंची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते.

तरीही कापडाने गाळणे व्यर्थ नाही. बांगलादेशातील मतलब भागात रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील स्त्रियांना जुन्या सुती साडीच्या घड्या करून पाणी गाळण्यास शिकविले. वापराने सैल झालेले सूत घड्यांत इतके दाट होते की, सुमारे वीस सहस्रांश मिलिमीटरपर्यंतचे कण अडतात. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातील बारीक कवचधारी जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडावर अडकतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. घरातील साध्या वस्त्राची ही कमाई लहान नाही.

पुन्हा न मिळणारे भांडवल

लोणारला २०२० मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. दर्जा मिळाला म्हणून धोका टळला असे नाही. गावाचे सांडपाणी, आसपासच्या शेतांतील खतांचा अंश आणि विवरात माजलेली वेडी बाभूळ यांची चिंता अभ्यासक अनेक वर्षे व्यक्त करीत आले आहेत. जुन्या नोंदींच्या तुलनेत पाण्याचा खार आणि सामू उतरल्याचेही अभ्यासांत आढळले आहे. इतर तळ्यांच्या बाबतीत पाणी गोडे होणे ही आनंदाची वार्ता ठरेल. लोणारच्या बाबतीत तो येथील रहिवाशांचा घरनिकाला आहे, कारण त्यांचा संसार खाऱ्या पाण्यातच चालतो.

एखादा अदृश्य जीव गेला तर बिघडले काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारू शकतो. त्याचे एक उत्तर व्यवहारातच आहे. अमेरिकेतील यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूचे वर्णन थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६९ मध्ये केले. तेव्हा त्याचा कोणाला काही उपयोग दिसत नव्हता. पुढे त्याच जिवाणूच्या उष्णता सोसणाऱ्या विकरावर पीसीआर ही जनुकीय मजकुराच्या प्रती काढण्याची पद्धत उभी राहिली. २०२० मध्ये लोणार गुलाबी झाले, त्याच दिवसांत गावोगाव करोनाची चाचणी चालली होती ती या पद्धतीने. सोड्याच्या पाण्यात टिकणाऱ्या सूक्ष्मजीवांची विकरे कपडे धुण्याच्या पावडरीत आज उपयोगी पडतात. लोणारच्या कोणत्या जीवाजवळ कोणती विद्या आहे, याची मोजदाद अजून पुरी झालेली नाही.

दुसरे उत्तर रेमाक आणि फिरखो यांच्या नियमात आहे. दुकान जळाले तर पुन्हा बांधता येते, बुडालेली रक्कम नव्या उद्योगातून भरून निघते. पेशीचे भांडवल तसे नाही. ती कोणत्याही द्रवातून आपोआप जमत नाही आणि प्रयोगशाळेत निर्जीव रसायनांपासून पूर्ण जिवंत पेशी घडविणे आजवर कोणाला साधलेले नाही. ती फक्त तिच्या पूर्वजाकडून वारशाने मिळते. एखाद्या जातीची शेवटची पेशी फुटली की, अब्जावधी वर्षे अखंड चाललेले ते खाते बंद होते आणि ते पुन्हा उघडण्याची सोय कोणत्याही पेढीत नाही.

म्हणून लोणारला सहकुटुंब जाणाऱ्यांनी दैत्यसूदन मंदिराची शिल्पे जितक्या आदराने पाहावीत, तितक्याच आदराने काठावरून त्या पाण्याकडेही पाहावे. त्यात साबण, निर्माल्य किंवा प्लॅस्टिकची पिशवी पडू देऊ नये. मुलांच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर घराजवळच्या डबक्यातील पाण्याचा एक थेंब त्यांना त्याखाली अवश्य दाखवावा. डेल्फ्टच्या कापड दुकानदाराने याहून अधिक काही केले नव्हते.